मनास वर्ण नसतो काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंजूरच्या घरी होतो. संध्याकाळी ओटीवर चार मंडळी जमली असता गोष्ट इंग्लंडात मानसोपचाराचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या पुतण्याकडे वळली, आणि त्याचे नुकतेच आलेले पत्र आम्ही सर्वांस वाचून दाखविले. ते ऐकून शेजारचे एक सेवानिवृत्त अधिकारी, ज्यांच्या व्यासंगाबद्दल आमच्या मनात पूर्ण आदर आहे, किंचित हसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हाड मोडले तर ते गोऱ्याचे की काळ्याचे हे डॉक्टर पाहतो काय? मग मन मोडले तर तो ते कशाला पाहील? वैद्यकास वर्ण नसतो. पोराने उगाच मनास लावून घेतले आहे." बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. ते येथे देतो. कारण हे मत त्या गृहस्थांचे एकट्याचे नाही. आपल्या सुशिक्षित वर्गात ते सर्रास आढळते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ते चूक आहे. इतकेच नव्हे तर अपाय करणारे आहे.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आमचा पुतण्या ज्या रुग्णालयात काम करतो तेथे एक वृद्ध मराठी बाई दाखल झाल्या होत्या. मुलाकडे राहावयास म्हणून त्या परदेशी गेल्या, आणि वर्षाच्या आतच त्यांचे यजमान वारले. "ते रोज तिन्हीसांजेला येऊन माझ्याजवळ बसतात", असे बाईंनी सांगितले. मुलाने ते इंग्रजीत सांगितले, व कागदावर 'भास होतात' अशी नोंद झाली. त्या नोंदीप्रमाणे औषधे सुरू झाली. आमच्या पुतण्याने बाईंशी मराठीत तासभर बोलून असे मत दिले की, हा भ्रम नसून शोक आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी असेच बोलतात, आणि दिवेलागणीला तर विशेषच. त्यावर वरिष्ठांनी त्यास सौजन्यपूर्वक सांगितले की, तुम्ही रुग्णाच्या फार जवळचे आहात, तेव्हा तुमचे मत निःपक्षपाती धरता येणार नाही. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, "काका, येथे गोऱ्या रुग्णास गोरा डॉक्टर रोज तपासतो. त्यास आजवर कोणी फार जवळचा म्हटल्याचे मी ऐकले नाही."

या एका वाक्यात आमचा सर्व वाद साठलेला आहे.

प्रथम हाडाचा दृष्टांत पाहू. हाड मोडल्याचा पुरावा क्ष-किरणांच्या चित्रात दिसतो. तो रुग्णाच्या बोलण्यावर अवलंबून नाही. मनाच्या बहुतेक विकारांस असा साक्षीदार नाही. तेथे डॉक्टर रुग्णाचे बोलणे ऐकतो, त्याचे वागणे पाहतो, आणि ते सामान्य माणसाच्या बोलण्या-वागण्याशी ताडून पाहतो. आता हा सामान्य माणूस कोण? त्याचा पुतळा कोठे उभा करून ठेवलेला नाही. तो बहुधा डॉक्टरच्या स्वतःच्या घरातील, गल्लीतील, शाळेतील माणूस असतो. ज्या शास्त्रात मोजणाऱ्याची राहणी हेच माप होऊन बसते, त्या शास्त्रात मोजणारा कोण आहे हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. हाडाच्या डॉक्टरास वर्णद्वेष असला तर तो रुग्णास उद्धटपणे वागवील, क्वचित् ताटकळत ठेवील. मनाच्या डॉक्टरास तो असला तर निदानच चुकेल.

हे केवळ तर्काने सिद्ध करावयाचे आहे असे नाही. आपल्या देशाचा इतिहास त्यास साक्ष आहे. मुंबईस कुलाबा येथे १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. त्या काळी जे युरोपीय वेडे लवकर बरे होत नसत त्यांस जहाजात घालून स्वदेशी पाठविण्याची रीत होती. कंपनी सरकारने १८१८ पासून लंडनजवळ हॅक्नी येथील पेंब्रोक हाउसमध्ये त्यांची सोय केली होती, व पुढे १८७० ते १८९२ पर्यंत ईलिंग येथे त्यांच्यासाठी निराळे रुग्णालयच होते. वेडा झालेला राज्यकर्ता प्रजेच्या दृष्टीस पडू नये हा त्यामागील एक हेतू होता, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. म्हणजे वैद्यकास वर्ण नसतो, परंतु वेडास मात्र तो होता! पुढे १९०१ साली खाडीपलीकडे ठाण्यास नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले, आणि आमच्या भागात "याला ठाण्याला पोचवा" हा वाक्प्रचार रूढ झाला. तो आपण आजही हसत हसत वापरतो. त्यातील क्रौर्याकडे मागाहून वळू.

रांचीस १९१८ साली खास युरोपियांसाठी रुग्णालय निघाले व १९२५ साली भारतीयांसाठी निराळे. पहिल्याची सूत्रे पुढे अनेक वर्षे ओवेन बर्कली-हिल या इंग्रज डॉक्टरकडे होती. हा मनुष्य कर्तबगार होता. आपल्याकडे मनोविश्लेषणशास्त्राची ओळख करून देणाऱ्यांत त्याची गणना होते. त्याची पत्नी मलबारची होती. म्हणजे भारतीयांचा तिटकारा करणारा असा हा इसम नव्हे. तरीही १९२१ साली त्याने मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला, आणि हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान व स्वभाव यांचे मूळ बालपणीच्या मलविसर्जनाच्या आसक्तीत आहे असे त्यात प्रतिपादिले. त्याच आसक्तीतून चिकाटी, टापटीप यांसारखे गुण निघतात ते इंग्रजांच्या वाट्यास आले. चिडखोरपणा, कृपणता, क्षुद्रपणा यांसारखे अवगुण निघतात ते हिंदूंच्या! एकाच बीजापासून एका अंगणात आंबा उगवतो व दुसऱ्या अंगणात निवडुंग, हे वनस्पतिशास्त्र रांचीसच शिकावे. डाली नामक दुसऱ्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९३० साली क्रांतिकारक वृत्तीच्या मानसशास्त्रावर निबंध लिहून आपल्या राजकीय असंतोषाचे मूळही असेच बालपणीच्या मनोग्रंथींत शोधले. लोक स्वराज्य मागत आहेत कारण ते पारतंत्र्यात आहेत, हे साधे उत्तर त्यास पुरेसे वाटले नाही. अमेरिकेत १८५१ साली कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांस एक विशिष्ट मनोविकार होतो असे सांगून त्यास ग्रीक नावही दिले होते. जित मनुष्याच्या तक्रारीस रोगाचे नाव दिले की ती ऐकून घेण्याची जबाबदारी संपते.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व जुना काळ झाला. गोऱ्यांचे राज्य गेले व हा विचारही गेला. राज्य गेले हे खरे. परंतु त्या काळातही दुसरी बाजू मांडणारे आपल्यात होते, याचे आपणांस विस्मरण झाले आहे. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बर्कली-हिल व डाली या दोघांचाही त्या संस्थेशी संबंध होता. बोस फ्रॉइडशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करीत असत, आणि आपल्या भारतीय रुग्णांत जे दिसते ते आपल्या सिद्धांताशी सर्वस्वी जुळत नाही असे त्यांनी त्या आचार्यास नम्रपणे परंतु स्पष्टपणे कळविले. रांचीच्या भारतीय रुग्णालयाचे अधीक्षक १९२५ पासून १९४० पर्यंत धनजीभाई हे पारशी डॉक्टर होते, आणि युरोपातील नव्या उपचारांचा त्यांनी तेथे अवलंब केला. योग्यतेची माणसे नव्हती असे नाही. त्यांची योग्यता अपवाद म्हणून गणली गेली, आणि मापे मात्र दुसऱ्यांच्या हाती राहिली.

आता स्वातंत्र्यानंतरचा काळ घेऊ. इंग्लंडात १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि डॉक्टरांची वाण पडू लागताच भारत, पाकिस्तान, लंका येथील पदवीधर तिकडे जाऊ लागले. आपल्या मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून किती मुले गेली हे ज्या त्या घरास ठाऊक आहे. त्यांस कोणत्या शाखा मिळाल्या? शल्यक्रिया, हृदयरोग ही मानाची क्षेत्रे बहुशः तेथील मुलांस. वृद्धांची शुश्रूषा, मतिमंदांची व्यवस्था व मनोरुग्णालये, जेथे तेथील पदवीधर जावयास नाखूष असत, ती परदेशांतून आलेल्यांस. १९७५ साली भारतीय पदव्यांची पूर्वीची मान्यता काढून घेण्यात आली, व परदेशी डॉक्टरांसाठी भाषेची आणि ज्ञानाची परीक्षा सुरू झाली. परीक्षा असण्यास आमचा आक्षेप नाही. आम्ही आयुष्यभर परीक्षाच घेत आलो. आमचा आक्षेप एकतर्फी परीक्षेस आहे. भारतीय डॉक्टरास इंग्रज रुग्णाची भाषा येते की नाही हे तपासले जाते. बर्मिंगहॅमच्या वा लेस्टरच्या पंजाबी, गुजराती, मराठी रुग्णास तपासणाऱ्या इंग्रज डॉक्टरास त्याच्या घरची रीत कळते की नाही, याची परीक्षा कोण घेतो?

रुग्णांच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. इंग्लंडच्या सरकारी आकड्यांवरूनच असे दिसते की, कायद्याच्या बळावर मनोरुग्णालयात डांबले जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या कित्येक पट आहे. आशियाई रुग्णांची तऱ्हा निराळी: त्यांच्याविषयी समज असा की, हे लोक घरातल्या घरात सांभाळून घेतात, यांस मनाचे दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते पोटदुखी-डोकेदुखी म्हणून सांगतात, तेव्हा यांच्याशी बोलून उपयोग काय? एकास भीतीने कोंडावयाचे व दुसऱ्यास कौतुकाने दाराबाहेर ठेवावयाचे, हे दोन्ही प्रकार एकाच झाडाची फळे आहेत. २०२० साली महामारी आली तेव्हा अमेरिकेत चिनी चेहऱ्याच्या माणसांवर रस्त्यात हल्ले होऊ लागले. ज्यांस त्या भीतीने झोप येईना त्यांनी कोणाकडे जावयाचे? आणि त्यांस तपासणाऱ्या आशियाई डॉक्टर-परिचारिकांस जर रुग्णच "माझ्या अंगास हात लावू नका" म्हणू लागले, तर त्यांनी? जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने आपल्या शास्त्रातील वर्णभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. वैद्यकास वर्ण नसतो असे म्हणणाऱ्या आमच्या शेजारच्या गृहस्थांपेक्षा त्या वैद्यांसच आपले वैद्यक अधिक ठाऊक असावे.

इतके झाल्यावर एक दुसराच पक्ष पुढे येतो, आणि तो आम्हांस पहिल्याहून अधिक धोक्याचा वाटतो. हा पक्ष म्हणतो, "पाश्चात्यांचे मानसशास्त्र त्यांचे त्यांस लखलाभ असो, आमचे मन निराळे, आमचे रोग निराळे, आमचे उपचार निराळे." हे ऐकावयास गोड आहे. परंतु आमचे मन मुळातच निराळ्या जातीचे आहे हेच तर बर्कली-हिल सांगत होता! एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. धातू गेल्याने शक्ती जाते या भीतीने खंगणारे तरुण आपल्याकडे पुष्कळ. १९६० साली डॉ. विग यांनी त्या अवस्थेस नाव दिले. १९९४ सालच्या अमेरिकन रोगसूचीत ती विशिष्ट संस्कृतींपुरत्या विकारांच्या परिशिष्टात बसली, आणि जगभर ही पौर्वात्यांची खासियत ठरली. वस्तुतः अठराव्या शतकात तिसो या स्विस डॉक्टरने याच भीतीवर ग्रंथ लिहिला होता व युरोपातील पिढ्यान् पिढ्या तिने ग्रासल्या होत्या. सुमतिपाल, भुग्रा प्रभृती आशियाई संशोधकांनी २००४ साली हे साधार मांडले. यांतील डॉ. दिनेश भुग्रा हे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००८ साली ते इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष झाले. त्यांनी पाश्चात्य शास्त्र फेकून दिले नाही. त्या शास्त्राच्याच पद्धतीने त्यांनी दाखविले की, जे तुम्ही आमचे वैचित्र्य समजता ते कालपर्यंत तुमच्याही घरी होते. मोजणाऱ्यांत मोजला जाणारा सामील झाला म्हणजे शास्त्र दुबळे होत नाही, ते दुरुस्त होते.

येथपर्यंत वाचणाऱ्या पुष्कळांस समाधान वाटत असेल. कारण येथपर्यंत अपराधी गोरे आहेत. हा लेख येथेच संपविला असता तर आमच्या ओटीवरील मंडळींनी टाळ्याही दिल्या असत्या. परंतु अंजूरचे नाव ज्या गंगाजी नाईकांमुळे इतिहासात राहिले, त्यांनी परक्या सत्तेच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागितली, आणि १७३९ साली वसई पडली तेव्हा ती दाद लागली. त्या गावात बसून आपण केवळ परक्यांचा जाच सांगावा व आपला झाकावा हे बरे दिसत नाही.

अंजूरहून थोड्याच अंतरावर भिवंडी आहे. तेथील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कामगार राबतात, आणि आता आमच्या गावाभोवती भाताच्या खाचरांवर जी गोदामे उठली आहेत तेथेही तेच. दोन वर्षांमागे आमच्या ओळखीच्या एका माग-मालकाने एका तेलुगू भाषिक पोराविषयी आमची मदत मागितली. वय एकोणीस-वीस, आठवडाभर जेवण नाही, काम नाही, कोणाशी बोलणे नाही. आम्ही त्यास एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, सभ्य, कामाच्या ओझ्याने वाकलेले. बाहेर साठ माणसांची रांग. त्यांनी मराठीत विचारले, मग हिंदीत विचारले. मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. कागदावर लिहिले गेले, 'उत्तरे देत नाही, सहकार्य नाही.' शेजारी उभा असलेला शिपाई म्हणाला, "हे लोक असलेच, कामचुकार. नाटक करतात." आणि आम्ही? इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, पुतण्याचे पत्र वाचून संतापणारे आम्ही तेथे गप्प बसलो. इतकेच नव्हे तर त्या क्षणी आम्हांसही वाटून गेले की, असेल, नाटकच असेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातील एका सहकाऱ्याच्या पत्नीस, ज्यांचे माहेर करीमनगरचे, आम्ही घरी बोलाविले. त्यांनी त्याच्यासमोर ताट ठेवून दोन वाक्ये तेलुगूत बोलताच पोर ढसढसा रडू लागले. गावी बाप वारला होता. उचल फिटली नाही म्हणून सुट्टी मिळाली नव्हती. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. हे सांगावयास त्यास शब्द होते, ऐकणारा नव्हता. त्या वृद्ध मराठी बाई व हा मागावरचा मुलगा यांत काय फरक आहे? एवढाच की, बाईंच्या वेळी आपण रुग्णाच्या बाजूस होतो, आणि या वेळी कागदाच्या.

हे एका रुग्णालयापुरते नाही, आणि रुग्णांपुरतेही नाही. मे २०२० मध्ये मणिपूरच्या अनेक परिचारिका कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतील नोकऱ्या सोडून घरी परतल्या. चेहऱ्यावरून मिळणारे टोमणे हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. म्हणजे अमेरिकेत आशियाई म्हणून जे सोसावे लागले, तेच आशियातल्या आशियात, स्वतःच्या देशात, सेवा करताना सोसावे लागले. आमच्या शहापूर-वाडा भागातील कातकरी वा वारली बाई "अंगात येते" म्हणते तेव्हा आपण जे तोंड करतो, तेच तोंड विलायतेत आपल्यासाठी केले जाते. "याला ठाण्याला पोचवा" हा विनोद ज्या समाजात चालतो, त्याने मनोरुग्णाच्या अपमानाबद्दल कोणास धडे द्यावेत?

"आधी डॉक्टर तरी पुरेसे होऊ द्या, मग वर्ण-भाषा पाहू", असा शेवटचा आक्षेप व्यवहारी लोक घेतील. १९४६ साली भोर समितीने पाहणी केली तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी खाटा सुमारे दहा हजार होत्या; आजही लाख वस्तीस एक मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. उणीव खरी आहे. पण ज्यास आपली भाषा समजत नाही अशा डॉक्टरांची संख्या दुप्पट केल्याने त्या तेलुगू मुलाचे काय साधले असते? चुकीची नोंद दोनदा झाली असती. शिवाय जे येतात त्यांस चेहऱ्यावरून, बोलीवरून, जातीवरून हिणवून परत धाडावयाचे, आणि मग माणसे मिळत नाहीत म्हणून ओरड करावयाची, हा कोणता हिशेब?

कायदा आपल्या बाजूस आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, एखादा मनुष्य अमुक वंशाचा, धर्माचा वा सांस्कृतिक गटाचा आहे, किंवा समाजाच्या रूढ कल्पनांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. आणि त्याची संमती घ्यावयाची तर त्यास समजेल अशा भाषेत सांगून घेतली पाहिजे. बर्कली-हिलच्या निबंधास शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. ते कायद्याच्या पुस्तकातून तपासणीच्या खोलीत यावयास हवे. त्यासाठी भिवंडीसारख्या गावी तेलुगू, उर्दू, भोजपुरी जाणणारे दुभाषे पगार देऊन नेमावेत. मालकास वा नातेवाइकास दुभाषा करू नये. तपासणी कोणत्या भाषेत झाली हे प्रत्येक कागदावर लिहावे, म्हणजे 'उत्तरे देत नाही' या नोंदीचा अर्थ पुढच्या डॉक्टरास कळेल. कातकरी-वारली वस्तीतील मुलेमुली या कामासाठी शिकवून तयार करावीत. आणि परप्रांतीय परिचारिकेस कोणी हिणविले तर, रुग्णाचे बोलणे आजाराचे म्हणून सोडून देता येईल. सहकाऱ्याचे व वरिष्ठांचे मौन सोडून देऊ नये.

पुतण्यास आम्ही उत्तर लिहिले. त्यात त्या मुलाची हकीकत, आमच्या गप्प बसण्यासह, जशीच्या तशी कळविली. त्याचे उलट पत्र आले आहे. बाईंची औषधे अखेर कमी झाली, आणि त्या आता दिवेलागणीस मुलाच्या घरी निरांजन लावतात. खाली त्याने एकच प्रश्न विचारला आहे, "काका, त्या मुलाच्या कागदावरची ती ओळ कोणी खोडली काय?" ती अद्याप तशीच आहे. येत्या सोमवारी आम्ही त्या रुग्णालयात जाणार आहोत, आणि शेजारच्या त्या गृहस्थांस बरोबर येण्याची विनंती केली आहे.